वस्ताद जेवत नाहीत

सोमवार, ४ मार्च

आजपासून स्वयंपाकघर माझ्याकडे. सकाळी मी घरात तशी घोषणाच केली. बायको कामावर निघाली होती. चपला शोधता शोधता ती म्हणाली, "पुढारी, घोषणा झाली असेल तर दूध उतू जातंय तेवढं बघा."

गेलंच होतं.

परिस्थिती नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला स्वतःलाच फसवता येणार नाही. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जानेवारीत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. बोललेलं त्यांना कळतं असं वाटतं, पण हो की नाही विचारलं तर दोन्हींना सारखीच मान हलवतात. आप्पा एकतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनचे मुख्य स्वयंपाकी. चारशे माणसं त्यांच्या हातचं जेवायची आणि त्यांना वस्ताद म्हणायची. निवृत्त झाल्यावर नऊ वर्षं आमच्या घरचा स्वयंपाकही त्यांनीच केला. बायको कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर, मी कामगार संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता, मुली शाळेत. ताट गरम असायचं. ते कसं येतं हे आम्ही कधी विचारलं नाही. नळाला पाणी यावं तसं ते यायचं.

नळ बंद झाला. दीड महिना आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातला पाव, तळलेलं आणि पाकिटातलं खातो आहोत. खर्च दुप्पट आणि अंगाला काही लागत नाही. धाकटीचं पोट सारखं दुखतं. थोरली शाळेत चक्कर येऊन पडली. आणि आप्पा जेवतच नाहीत. चहा घेतात, दूध घेतात, पण जेवणाचा चमचा पुढे केला की तोंड फिरवतात. डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला, गिळायला काही अडचण नाही म्हणाल्या. वजन एक्कावन्न भरलं. ते अठ्ठेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालून पातळ अन्न सोडावं लागेल.

ज्या माणसाने चारशे तोंडांची काळजी वाहिली, त्याच्या नाकात नळी. मी हे होऊ देणार नाही. पोटभर जेवण हा माणसाचा हक्क आहे असं पंचवीस वर्षं गेटवर उभा राहून ओरडतो आहे. आता घरात करून दाखवायची पाळी आली आहे.

मंगळवार, ५ मार्च

वाचनालयातून आहारावरची तीन पुस्तकं आणली. एका बैठकीत दोन संपवली. संध्याकाळी मोठ्या कागदावर आठवड्याचा तक्ता करून भिंतीला चिकटवला. डाळ, कडधान्य, पालेभाजी, अंडी, भात, स्वस्तात मिळेल ते फळ. तळण बंद. पाकिटं बंद. खाली जाड अक्षरात घोषवाक्य लिहिलं: सकस आणि स्वस्त. थोरलीने वाचून विचारलं, मोर्चा कधी निघणार आहे.

वाढण्याचा क्रमही ठरवला. माझ्या तत्त्वाप्रमाणे रांगेतल्या सर्वांत अशक्त माणसाला सर्वांत आधी. म्हणून सात वाजता आप्पा. मग मुली. आठला बायको येते, मग ती. आणि जे उरेल ते भांडी घासायच्या आधी मी. यात वाद होण्यासारखं काही नाही. सभ्य समाजाची ही पहिली कसोटी आहे.

आप्पांसाठी मऊ भात, त्यात गाजर आणि अंडं कुस्करून. तोंड फिरवलं.

शुक्रवार, ८ मार्च

आज मी थक्क झालो आहे. क्रमाने लिहितो.

आप्पांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आहे, म्हणजे त्यांच्यावर लक्ष राहतं. लक्ष तेच माझ्यावर ठेवतात हे दोन दिवसांत कळलं. कांदा तेलात टाकला आणि मी तक्त्यात उद्याची भाजी बघायला वळलो. मागून टकटक ऐकू आली. आप्पा डाव्या हाताने खुर्चीचा दांडा वाजवत होते. बघतो तो कांदा करपण्याच्या एक क्षण आधीचा. वास आला नव्हता, धूर नव्हता, त्यांच्या खुर्चीतून कढई दिसतही नाही. मग लक्षात आलं, ते ऐकत होते. कांद्यातलं पाणी आटलं की तेलाचा आवाज बदलतो. पुन्हा कांदा टाकून मी कान लावला. आधी पावसासारखा सरसरता आवाज, मग तो विरळ होतो, मग जवळजवळ गप्प. त्या गप्प होण्याच्या जागी त्यांनी पुन्हा दांडा वाजवला. बरोबर त्याच जागी.

तीन पुस्तकांत आवाजाबद्दल एक ओळ नाही.

मग कोबी. मी बाहेरची पानं आणि मधला दांडा कचऱ्यात टाकला. टकटक. ते थांबेनात. शेवटी थोरलीने कचऱ्याचं टोपलं पुढे आणलं आणि मला समजावलं. आजोबा दांडा किसून डाळीत घालतात, बाहेरची पानं बारीक चिरून भातात घालतात, आणि उरलेल्या कोबीची भाजी. एक कोबी, तीन दिवस. मी म्हटलं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही तक्ता करत होतात.

डाळीतला तो दांडा खाल्ला. गोड लागतो. चाळीशी उलटली आणि कोबीला दांडा असतो आणि तो गोड असतो हे मला आज कळलं.

संध्याकाळी सात वाजता आप्पांना तीच डाळ आणि भात. चमचा पुढे केला. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि चमचा उलटा माझ्याच तोंडाकडे वळवला. मला लगेच कळलं. चव घेऊन बघ म्हणतात. घेतली. मीठ किंचित कमी होतं, घातलं. पुन्हा चमचा माझ्याकडे. लिंबू पिळलं. पुन्हा माझ्याकडे. मिरपूड घातली. पाचव्या वेळी मी हात टेकले. ती डाळ मुलींनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. धाकटी म्हणाली, ही डाळ आहे की शिक्षा.

वस्तादांची चव फार वरच्या दर्जाची आहे. मला तिथवर पोचलंच पाहिजे.

रविवार, १० मार्च

आप्पा जेवले.

पूर्ण वाटी. भोपळ्याची भाजी, मऊ भात आणि डाळ. पहिला चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं, सावकाश चावलं, गिळलं, आणि पुन्हा उघडलं. बायको दारात उभी होती. ती पदराने डोळे पुसून आत गेली.

रविवार असल्यामुळे आज सगळे घरी होते. आप्पांना झोप लागली होती म्हणून त्यांना उठवलं नाही. भोपळा इतका झकास झाला होता की मलाही राहवलं नाही. आम्ही चौघं एकत्र बसून आधी जेवलो. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. ते उठल्यावर भाजी पुन्हा गरम करून भरवली. क्रम चुकला याची मनाला टोचणी लागली, पण भोपळ्याने ती भरून काढली.

भोपळा. इतकं साधं उत्तर होतं. स्वस्त, टिकाऊ, पचायला हलका, आणि बालपणीची काही आठवण त्यांच्या मनात असणार. मंडईतून मी दोन मोठे भोपळे आणून ठेवले आहेत.

गुरुवार, १४ मार्च

सोमवारी भोपळ्याची भाजी. मंगळवारी भोपळ्याचं सूप. बुधवारी भोपळा घातलेला भात. आज वाफवलेला भोपळा आणि अंडी. चारही दिवस, बरोबर सात वाजता, सर्वांत आधी. आप्पांनी चारही दिवस तोंड फिरवलं.

जेवताना धाकटीने अविश्वासाचा ठराव मांडला. भोपळ्याचं सरकार पडलंच पाहिजे. थोरलीने अनुमोदन दिलं. बायको तटस्थ राहिली, पण हसली.

वजन ४९.४.

एक चांगली गोष्ट लिहायची राहून जाते आहे. धाकटीचं पोट आठवडाभर दुखलेलं नाही. थोरलीच्या चेहऱ्यावर रंग दिसतो. खर्चही पूर्वीपेक्षा कितीतरी कमी. दोन भोपळे, एक कोबी, थोडी डाळ, आणि तीन माणसं उभी राहिली. जगात याहून मोठा चमत्कार मी कुठे वाचलेला नाही. ज्याने हा नऊ वर्षं रोज केला, तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळतो आहे.

सोमवार, १८ मार्च

काल दिवसभर संघटनेची बैठक होती. मी भुकेवर बोललो. टाळ्या पडल्या. परत येऊन मसूर भिजत घातले.

पट्ट्याला आज आणखी एक भोक पाडलं. तळण सोडल्याचा परिणाम. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, फार उतरलात. मी त्यांना सकस आहाराचं महत्त्व सांगितलं.

आप्पांचं आज नवीनच. चमचा पुढे केला तर त्यांनी बोट माझ्या छातीवर टेकवलं. एकदा नाही, तीन-चारदा. डोळ्यांत राग होता. मी बराच वेळ विचार केला. अर्थ स्पष्ट आहे. दोष तुझा, तुझ्या हाताचा. मी कँटीनमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. वडील स्वयंपाकी आहेत हे कॉलेजात असताना मित्रांना सांगायचो नाही. कारखान्यात आहेत, एवढंच म्हणायचो. हे त्यांना माहीत होतं की काय कोण जाणे. भाषणात मी श्रमाची प्रतिष्ठा म्हणतो तेव्हा तेही कधीतरी गर्दीत उभे असतील.

मान्य आहे. पण त्यासाठी उपाशी राहू नका, असं त्यांना म्हणालो. त्यांनी नेहमीसारखीच मान हलवली.

गुरुवार, २१ मार्च

वजन ४८.३.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. रागावल्या नाहीत. पुढच्या सोमवारी सकाळी भरतीच्या तयारीने या, म्हणाल्या. नळी घालणं हा काही पराभव नसतो. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर जिन्यात बसलो. पंचवीस वर्षांत मी एका माणसाचं मन वळवू शकलो नाही, असं फार थोड्या वेळा झालंय. यातली बहुतेक माणसं तर मालक होती.

आज घरी पालक आणि अंड्यांचा भात केला. मुलींनी पातेलं चाटूनपुसून साफ केलं. माझ्यासाठी उरला नाही, पण बघून पोट भरलं.

शनिवार, २३ मार्च

आज दुपारी चाकूमावशी आल्या. कँटीनमध्ये तेवीस वर्षं त्यांनी भाज्या चिरल्या. खरं नाव आप्पांनाही माहीत नसावं. आप्पांच्या समोर स्टूल घेऊन बसल्या आणि पुढ्यात गाजरं दिसली म्हणून काही न विचारता चिरायलाच लागल्या. बोलताना हाताकडे बघत नाहीत. सगळे तुकडे एका मापाचे. मी मोजून पाहिले.

मी त्यांना सगळं सांगितलं. तोंड फिरवणं, चमचा, भोपळा, सोमवारची नळी. त्यांनी विचारलं, कधी भरवता. मी माझा क्रम सांगितला. अशक्ताला आधी.

त्यांचा चाकू थांबला.

"अहो, वस्ताद आधी कसे जेवतील?" त्या म्हणाल्या. "चारशेवा माणूस ताट ठेवून हात धुवायला गेला की मग वस्ताद बसायचे. एकतीस वर्षं. एकदा मोठे साहेब आले, चला वस्ताद आमच्याबरोबर म्हणाले. नाही बसले. बाहेर अजून दोघं यायचेत म्हणाले. ज्याच्या हातात वाढायचा डाव, तो शेवटी. आम्हालाही तोच नियम. कुणी भाजीत बोट घालून चाखलं तरी चालायचं, पण घास नाही घ्यायचा."

आप्पा त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांच्या डाव्या डोळ्याला पाणी आलं होतं.

मग मावशींनी गाजराबरोबर मलाही चिरलं. आमचा पंचेचाळीस दिवसांचा संप झाला होता, कँटीन बंद होतं. रोज दुपारी मी गेटवर बोलायचो आणि पाचशे माणसं उन्हात शेवटपर्यंत ऐकायची. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत अभिमानाचा काळ. मावशी म्हणाल्या, वस्ताद बाजार उठल्यावर उरलेली भाजी गोळा करून आणायचे आणि गेटमागच्या शेडमध्ये मोठं पातेलं चढवायचे. भाषण संपल्याशिवाय झाकण काढायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.

"नाहीतर पोराचं कोण ऐकणार, म्हणायचे."

मी हसलो. खूप हसलो. मग थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पाचशे माणसं, पंचेचाळीस दिवस, बाजारातल्या उरल्यासुरल्यावर. त्यात कुणी आजारी पडलं नव्हतं, हे मला आता आठवतं. हे मी तेव्हा आमच्या एकजुटीचं फळ म्हणून भाषणात सांगितलं होतं.

उद्या रविवार. सगळे घरी. आधी सगळ्यांची जेवणं, मग आप्पा. एकच दिवस हातात आहे.

रविवार, २४ मार्च

सकाळी मसूर, गाजर आणि पालक एकत्र शिजवलं. कांद्याचा आवाज ऐकून उतरवला, दांडा वाजवायची पाळी आणली नाही. मऊ भात. उकडलेली अंडी. आप्पांची खुर्ची टेबलाच्या टोकाला आणली, सगळ्यांची ताटं दिसतील अशी.

बायको जेवली. थोरली जेवली. धाकटी जेवली आणि दुसऱ्यांदा घेतलं. आप्पा एकेकीच्या ताटाकडे बघत होते. कुणाचा घास कुठे आहे हे त्यांना पाठ असल्यासारखं. तिघींनी हात धुतले. मी वाटी भरली, त्यांच्याजवळ बसलो, चमचा पुढे केला.

त्यांनी तोंड फिरवलं.

मग माझा तोल गेला. मी उभा राहून बोलायला लागलो. उद्या सकाळी नळी घालणार आहेत, ते कळतं का. तुमचा नियम पाळला, सगळ्या जेवल्या, आता कोण राहिलं. मी तीन आठवडे या चुलीपुढे उभा आहे, ते काय मरायला. आवाज चढला होता. गेटवर चढतो तसा. आप्पांनी माझं बोलणं संपू दिलं. मग डाव्या हाताने वाटी धरली आणि टेबलावरून सरकवत सरकवत माझ्यापुढे आणली. थोडी डाळ सांडली.

मी बायकोकडे बघून म्हटलं, बघितलंस, अजून हेच. माझ्या हातचं नको.

धाकटी टॉवेलला हात पुसत होती. ती म्हणाली, "बाबा, पण एक माणूस राहिलंय ना."

मी विचारलं, कोण.

"तुम्ही. तुम्ही कुठे जेवलात?"

डाव त्यांच्या हातात नव्हता, माझ्या हातात होता, असा युक्तिवाद माझ्या मनात आला. मावशींच्या नियमाप्रमाणे मी शेवटी. मी तो मांडणार होतो. पण बायकोने माझ्याकडे बघितलं, आधी चेहऱ्याकडे, मग पट्ट्याकडे, आणि तिचा चेहरा असा काही झाला की तो युक्तिवाद तिथेच राहिला. तिने खुर्ची ओढली. "बसा," म्हणाली. "पोरगी विचारतेय ते बरोबर आहे. तीन आठवडे मी कामावरून येते, ताट तयार असतं, जेवते आणि झोपते. मीसुद्धा विचारलं नाही."

तिने मला ताट वाढलं. मी खाली बसलो. घास घेतला. आप्पा बघत होते. दुसरा घेतला. ते बघत होते. मला वाटलं होतं दोन घासांत समाधान होईल, म्हणून चमचा उचलून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो परत वळवला. माझ्या तोंडाकडे. त्याच जोराने, त्याच मनगटाला धरून, जसा पहिल्या आठवड्यात वळवला होता. तेव्हा मी डाळीत मीठ घातलं होतं.

मग मी जेवलो. सगळं. डाळ, भात, अंडं, गाजराचा शेवटचा तुकडा. एवढा भुकेला आहे हे मला माहीतच नव्हतं. हा माणूस बोलू शकत नाही, लिहू शकत नाही, हो-नाहीसुद्धा सांगू शकत नाही. शरीराचं निम्मं गेलं. वजन किलोकिलोने जात होतं. आणि या सगळ्यात त्याने एक गोष्ट सोडली नव्हती. घरातलं शेवटचं माणूस उपाशी आहे, तोवर मी घास घेणार नाही. एवढी ठाम गोष्ट मी उभ्या आयुष्यात कुठल्याही व्यासपीठावरून बोललेलो नाही. मी नुसता तिच्याबद्दल बोललो आहे.

ताट रिकामं झालं. त्यांनी ते थोडं वाकून पाहिलं. तपासलंच म्हणा.

मग तोंड उघडलं.

पूर्ण वाटी, आणि वर अर्धी. पस्तीस मिनिटं लागली. थोरलीने घड्याळ लावलं होतं.

गुरुवार, २८ मार्च

सोमवारी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं आणि तीन दिवस दिले. आज वजन ४८.८. नळी नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा या, म्हणाल्या, आणि मग मलाही काट्यावर उभं केलं. जो आकडा आला तो बायकोला सांगणार नाही असं ठरवलं होतं, पण ती मागेच उभी होती.

भिंतीवरचा तक्ता धाकटीने काढला. डाळ आणि भाज्यांचे वार ठेवले, क्रमाचा भाग कात्रीने कापून टाकला. आता आठ वाजता, बायको आली की, सगळे एकदम बसतो. आप्पांच्या डाव्या हातात डाव दिला आहे. हात थरथरतो, निम्मं टेबलावर पडतं. कुणी मदत करायची नाही असं ठरलं आहे. चार ताटं वाढायला त्यांना बराच वेळ लागतो. तोवर जेवण गार होतं. ते गार जेवण आम्ही जेवतो आणि मग त्यांचं होईपर्यंत कुणीही उठत नाही. मुली गृहपाठ तिथेच करतात.

आज चवळी आणि दुधी. मी पोटभर जेवलो आणि ताट पुढे सरकवलं. आप्पांनी डाव पातेल्यात बुडवला, भरला, आणि वाटेत अर्धा सांडत माझ्या ताटावर आणून धरला. मी म्हटलं, आप्पा, बास, पोट भरलं, खरंच भरलं. कारणं दिली. दोन-तीन चांगली कारणं दिली. डाव तिथेच होता, थरथरत. त्यांना पटत नव्हतं.

मी ताट पुढे केलं.